वायरवाल्या अक्का

वायफायचं नाव काढलं की अक्कांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"ते वाऱ्यावर सोडलेलं काम," त्या म्हणायच्या. "वारं आज हिकडं, उद्या तिकडं. माणसानं कसं, हातानं धरून मागं मागं जाता येईल असं काहीतरी टाकावं."

सांगलीतल्या एका डॉक्टरांनी बंगल्यात वायफाय बसवायला बोलावलं, तर अक्कांनी खोलीखोलीत वायर टाकून दिली. स्वयंपाकघरात टाकली, देवघरातही टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवं अक्का, देवघरात कशाला?"

"असू द्या. उद्या भटजी कम्प्युटरवर आरती लावाय लागला, तर परत भित्ती फोडणार का?"

पुढे डॉक्टरांचा मुलगा परदेशी गेला आणि घरचा सत्यनारायण तिकडे बसून बघायला लागला, तो त्याच वायरीवरून. ही बातमी कानावर आल्यापासून अक्का स्वतःला त्रिकालज्ञानी समजायला लागल्या, आणि त्यानंतर त्यांच्याबरोबर काम करणं जरा अवघडच झालं. गिऱ्हाइकानं चार वायरी मागितल्या की त्या आठ टाकायच्या आणि वर "तुमास्नी कळंल पुढं" असं म्हणून शिडी उचलायच्या.

अक्कांचा धंदा वायरी टाकण्याचा. विजेच्या नव्हे. कम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या, करंगळीपेक्षा बारीक, पोटात आठ रंगीत तारा असलेल्या वायरी. पतसंस्था, कॉलेजं, दवाखाने, साखर कारखान्यांची ऑफिसं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जिथं टेबलावर कम्प्युटर येत, तिथं मागोमाग अक्का येत. वय पन्नाशीपुढचं, बांधा ठेंगणा. साडी खोचलेली, तिच्यावर मालकांचा जुना फुल शर्ट, पायात शाळेतली पोरं कवायतीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. मालक म्हणजे त्यांचे यजमान. पूर्वी दोघांचा मिळून सांगलीजवळच्या गावात टीव्हीच्या केबलचा धंदा होता. घरोघर छपरावर डिश आल्या आणि तो बसला. मालकांनी द्राक्षबाग लावली. अक्का म्हणायच्या, "त्यांनी येल धरला. माज्यानं काय वायर सुटंना."

मी उंब्रजचा. डिप्लोमा करून कराडला एका कम्प्युटरच्या दुकानात होतो, नुकतंच लग्न झालेलं. एक दिवस ही बाई दुकानात आली आणि क्रिंपर मागितला. वायरीच्या टोकाला प्लॅस्टिकचा पारदर्शक कनेक्टर दाबून बसवायचा तो चिमटा. अक्का त्याला अडकित्ता म्हणायच्या. दुकानातला प्रत्येक अडकित्ता त्यांनी कानाजवळ नेऊन दाबून बघितला, एकाचाही आवाज पसंत पडला नाही. जाता जाता त्यांचं लक्ष माझ्या काउंटरखालच्या वायरींच्या गुंत्याकडे गेलं.

"हे काय, सुगरणीचं खोपं हाय व्हय?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता खाली बसून सगळा गुंता सोडवला. उठताना म्हणाल्या, "सोमवारपासनं सांगलीला ये. हितं राहून तू बिघडशील."

मी नोकरी मागितली नव्हती. पण सोमवारी गेलो. अजून कुणी विचारलं तर का गेलो ते मला सांगता येत नाही. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या लेखी मी कायम 'उंब्रज'.

कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला अक्का पहिल्या दिवशी खाली बसवून आठ तारांची ओळख करून देत. हा कार्यक्रम त्या इतक्या गंभीरपणे करायच्या, की समोरच्याला हसायची सोय नसायची.

"ही चार जोडपी हायत. प्रत्येकात एक भरल्या रंगाचा आणि एक पांढऱ्या पट्ट्याचा. नारंगी जोडपं नवं लग्न झालेलं, ते पहिल्यांदा, चिकटून. चॉकलेटी जोडपं म्हातारं, ते शेवटाला, भित्तीला टेकून. ऱ्हायली हिरवी आणि निळी. तर हिरव्यांचं हाय भांडण. एकमेकाचं तोंड बघत न्हाईत. म्हणून त्यांच्या मधी निळ्यांना बसवायचं. पांढरी-हिरवी अलीकडं, हिरवा पलीकडं, मधी निळी."

"भांडण का झालंय?" हा प्रश्न हमखास कुणीतरी विचारायचा.

"ते आपल्याला काय करायचंय? आपण वायरमन हाय. मधी पडायचं न्हाई."

एकदा इस्लामपूरकडचा एक नवा वायरमन आमच्याकडे आला होता. हात फार स्वच्छ होता त्याचा. त्याला ते हिरव्यांचं लांब लांब बसणं बघवेना. त्यानं नीटनेटकेपणाच्या भरात चारही जोडपी शेजारी शेजारी बसवली, दोन्ही टोकांना तशीच. साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागले. कम्प्युटर मात्र रांगत होते. गिऱ्हाइकाकडचे तंत्रज्ञ सगळ्या वायरी जिथं खुपसतात तो स्विच बघतायत, कम्प्युटर उघडतायत. अक्कांनी एक कनेक्टर उजेडाकडे धरला आणि थंड आवाजात विचारलं, "समेट कुणी केला?"

टेस्टर म्हणजे दोन डब्या. एक डबी वायरीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. दिवे एक ते आठ ओळीनं लागले की तारा आपापल्या जागेवर आहेत असं समजायचं. दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि ती बहुतेक वेळा दोन वेगळ्या मजल्यांवर असतात. जग अशा वेळी फोनवर बोलतं. अक्कांना ते मान्य नव्हतं. "फोनवर माणूस नुसतं हां हां म्हणतोय, दिवा बघत न्हाई. वरडून सांगायचं असलं की माणूस नीट बघतोय." त्यामुळे आमची प्रत्येक चाचणी अख्ख्या इमारतीला ऐकू जायची.

कराडच्या एका कॉलेजात आम्ही असेच ओरडत होतो. खालून अक्का विचारायच्या, "तिसऱ्याला काय येतंय?" मी वरून, "तिसऱ्याला एक येतंय." म्हणजे तिसऱ्या जागी पहिली तार बसली होती. अक्कांचा विश्वास बसेना. "नीट बघून सांग, तिसऱ्याला एक?" "एकच, अक्का. सारखं एकच येतंय."

मधल्या मजल्यावर परीक्षा चालू होती. प्रश्नाला चार पर्याय, त्यातल्या बरोबर पर्यायाचा आकडा लिहायचा, तसली. थोड्या वेळानं प्राचार्य स्वतः खाली आले. त्यांच्यामागून पर्यवेक्षक, हातात दोन-चार पेपर. निम्म्या वर्गानं तिसऱ्या प्रश्नाचं आधीचं उत्तर खोडून एक केलं होतं.

"बाई, हा कॉपीचा प्रकार आहे," प्राचार्य म्हणाले.

अक्कांनी विचार केला. "एक बरोबर हाय का?"

"नाही. उत्तर चार आहे."

"मग सर, कॉपी कशी म्हणायची? चुकीचं सांगितलंय की आमी."

प्राचार्यांनी आम्हाला परीक्षा संपेपर्यंत झाडाखाली बसवून ठेवलं. अक्कांनी तेवढ्यात शेजारच्या कँटीनवाल्याकडे दोन वायरींचं काम मिळवलं.

वायरींना नावं देण्याची त्यांची तऱ्हा अशीच. बाकीचे लोक वायरीच्या टोकाला नंबर चिकटवतात. अक्का माणसाचं नाव लिहीत. ज्याच्या टेबलाला वायर जाते, त्याचं नाव. "नंबराला तोंड असतंय का?" हा त्यांचा सवाल. अडचण एवढीच, की माणसं बदलून जातात आणि वायर तिथंच राहते.

कराडच्या एका पतसंस्थेत शिंदे म्हणून कारकून होते. त्यांची बदली रहिमतपूर शाखेला झाली, तिथं ते मजेत होते. इकडे त्यांच्या जुन्या टेबलाचं कनेक्शन गेलं. आम्ही बघायला गेलो. मी टेबलापाशी, अक्का आतल्या खोलीत, जिथं सगळ्या वायरी एकत्र येतात तिथं. त्यांनी आतून नेहमीच्या आवाजात निकाल दिला, "उंब्रज, शिंदे डेड हाय. सकाळीच गेल्याला दिसतोय. पाटलांचं बी काय खरं न्हाई, धुगधुगी हाय नुसती."

बाहेर रांगेत रहिमतपूरचे एक म्हातारे उभे होते. त्यांनी टोपी काढली. मग बाहेर जाऊन फोन लावला.

शिंद्यांच्या घरासमोर दुपारपर्यंत चपलांचा ढीग झाला. शिंदे शाखेतून जेवायला म्हणून घरी आले, तर दारात गर्दी. काय झालं असेल या धास्तीनं ते स्वतःच रडायला लागले, आणि त्यांना रडताना बघून जमलेल्या बायकांनी सूर धरला. कोण कुणासाठी रडतंय याचा उलगडा व्हायला बराच वेळ गेला. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं कराडला आले. आम्ही तिथंच होतो.

"मी शिंदे," ते अक्कांना म्हणाले.

अक्कांनी त्यांना खालीवर बघितलं. "या की. तुमचं कालच काढून नवीन टाकलं. आता लय पळतंय."

शिंद्यांनी सगळी हकीकत सांगितली. अक्कांचा चेहरा पडला, त्यांनी हात जोडले. पण आपली पद्धत चुकली असं मात्र त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंय म्हणत्यात," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि किती माणसं जमली, तेबी जित्तेपणी बघाय मिळालं तुमाला. कुणाला मिळतंय?"

शिंदे हळूच म्हणाले, "माणसं खरंच लय जमली हुती." चहा पिऊन खुशीत गेले. लेबल अक्कांनी बदललं नाही.

अक्का जैन. सांगलीकडच्या शेतकरी जैनांच्या घरातल्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे जेवायचं. सूर्य कलला की त्या असतील तिथं डबा उघडायच्या. एकदा शिडीच्या वरच्या पायरीवर, छताच्या फळ्या सरकवलेल्या, डोकं छताच्या वर आणि डबा मांडीवर, अशा त्या निवांत जेवल्या होत्या. खालून चेअरमन काही विचारत होते आणि वरून नुसता भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. भिंतीला छिद्र पाडताना मुंग्यांची ओळ आडवी आली की आमची वायर वळसा घ्यायची. साताऱ्याच्या एका ऑफिसात भिंतीवर वायरीची पट्टी सरळ जाता जाता मध्येच देवळाच्या कमानीसारखी वर चढून खाली उतरते. तिथं तेव्हा कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. कुंभारीण केव्हाच उडून गेली. कमान आहे.

ह्याच अहिंसेनं अक्कांना एकदा चांगलंच गोत्यात आणलं. ती गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नाहीत.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याचं हळदीचं गोदाम होतं. अडत्याला सगळे आण्णा म्हणत. परगावच्या व्यापाऱ्यांना घरबसल्या हळदीच्या सौद्यात बोली लावता यावी, असं आण्णांच्या मनात आलं होतं. त्यासाठी मागच्या वजनकाट्यापासून पुढच्या ऑफिसपर्यंत वायरी टाकायच्या होत्या. गोदाम जुनं. भिंतीत आधीच पुरलेल्या पाइपांना वळणं फार. वायर वळणावर अडून बसायची. अशा वेळी वायर सरकायला लावायची जेली बाजारात मिळते, पण अक्का ती घेत नसत. "तिच्यात कसली चरबी असंल, कुणाला ठाव." त्यांनी घरून बाटली भरून शेंगदाण्याचं तेल आणलं. घाण्याचं. फडक्यानं वायरीला पुसलं, वळणांसाठी जरा जास्तीच. वायरी सुळ्ळकन गेल्या.

"बघ," अक्का म्हणाल्या. "सासरला निघाल्यागत गेली का न्हाई? मागं वळून बगितलं न्हाई."

त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

आठवडाभरात एक वायर बंद पडली. अक्कांकडे एक भारी यंत्र होतं. वायरीला जोडलं की तार किती लांबीवर तुटली ते दाखवायचं. त्या जागी पाइप उघडला, तर वायर कुरतडलेली. आतल्या आठही तारांची लाज उघडी पडलेली. नवीन टाकली. नेहमीसारखं तेल लावून टाकली. पुन्हा तेच. मग दुसरी, मग तिसरी.

आण्णांनी औषधाच्या पुड्या मागवल्या. "उंदरं झाली. टाकतो सगळीकडं."

"औषध टाकलासा तर मी वायर काढून नेणार," अक्का म्हणाल्या.

"आवं अक्का, तुमी बी जैन, मी बी जैन. मला काय आनंद हाय का? पण धंदा हाय. पाप माज्या नावावर."

"पाप असं सांगून दुसरीकडं लावता येत न्हाई, आण्णा. ती काय वायर न्हवं."

आण्णा चिडले. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला परगावचे व्यापारी बोली लावणार, हे त्यांनी सगळ्या यार्डात सांगून ठेवलं होतं. "पाडव्याला वायर चालू पायजे. न्हाईतर काम दुसऱ्याला, आणि यार्डात परत तुमाला कोण बोलवतंय ते मी बगतो." हे नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. आमची निम्मी कामं यार्डातली होती. त्या दिवशी अक्कांनी डब्यातली अर्धी भाकरी परत नेली.

मग उंदीर पळवायचे उपाय सुरू झाले. डांबराच्या गोळ्या ठेवल्या. हळदीला वास लागतो म्हणून काढाव्या लागल्या. पाइपांच्या तोंडाशी मिरचीपूड टाकली. उंदीर सोडून सगळे शिंकले. एका हमालानं मांजर आणू का विचारलं, तर अक्कांनी त्यालाच बाहेर काढलं. शेवटी पिंजरे लावले. पिंजऱ्यात उंदीर सापडला की अक्का स्कूटर काढायच्या आणि मी पिंजरा मांडीवर घेऊन मागे. कृष्णेचा पूल ओलांडायचा, पलीकडं उसाच्या कडेला सोडायचा, परत यायचं. एकदा पुलावर पोलिसानं अडवलं. माझ्या मांडीवरच्या झाकलेल्या पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाला, "काय हाय त्यात?"

"पाव्हणं हायत," अक्का म्हणाल्या. "लय दिवस ऱ्हायलं, सोडाय निघालोय."

पोलिसानं फडकं उचललं, आत बघितलं, पुन्हा नीट झाकलं आणि जायला सांगितलं.

पाव्हणे काही कमी होईनात. पाडवा जवळ आला. अक्का दुपारभर पोत्यावर बसून भिंतीकडे बघायच्या. एक दिवस त्यांनी खराब झालेल्या सगळ्या वायरी जमिनीवर पसरल्या, पाइप जिथून जातो तसा खडूनं रस्ता काढला आणि कुरतडलेल्या जागा त्यावर मांडल्या.

"सगळं वळणावर," त्या म्हणाल्या. "सरळ पाइपात येक दात न्हाई. वळणावरच का खात्यात?"

जेवायची वेळ झाली. त्यांनी डबा उघडला, चटणीत बोटानं खळगा केला, छोट्या बाटलीतलं तेल त्यात सोडलं आणि हात तसाच थांबला. बाटली नाकाशी नेली. मग जमिनीवरचा कुरतडलेला तुकडा उचलून नाकाशी नेला.

मी भिंतीकडे बघत होतो, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

"उंब्रज," त्या म्हणाल्या, "वळणावर आपण तेल जास्ती लावलं हुतं."

"व्हय अक्का."

"आणि नवीन टाकताना परत लावलं."

"व्हय."

त्यांनी डबा बंद केला. मला वाटलं, आता घरी जातील, वायरी गुपचूप बदलतील, उंदरांनी गाव सोडलं म्हणून सांगतील. कुणालाही कळलं नसतं. अक्का सरळ ऑफिसात गेल्या. आण्णांसमोर दोन व्यापारी बसले होते, दारात हमाल उभे होते. त्या म्हणाल्या, "आण्णा, उंदराची चूक न्हाई. मीच पंगत वाढली." आणि सगळं सांगितलं.

आण्णा आधी ऐकतच राहिले. मग हसायला लागले ते थांबेनात. एका व्यापाऱ्यानं त्यांना पाणी दिलं. "म्हंजे येवढी हळद सोडून त्यांनी तुमचं तेल खाल्लं?"

"घाण्याचं हुतं," अक्का म्हणाल्या. अशा वेळीसुद्धा त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. "चवीचं हाय ते."

सगळ्या वायरी उपसून नव्या टाकायच्या ठरल्या, अक्कांच्या पदरचा माल घालून. आता सरकवायला काय वापरायचं? मी कॅरमची पावडर सुचवली. अक्कांनी चौकशी केली, तर त्यानं झुरळं मरतात असं कुणीतरी सांगितलं, ती बाद. शेवटी लहान बाळांना लावतात ती पावडर आणली. डबेच्या डबे. पाइपातून वायर बाहेर आली की पांढरा ढग उठायचा. पाडव्याच्या दिवशी अख्ख्या गोदामाला नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास येत होता. व्यापारी हळकुंड मोडून नाकाशी नेत आणि एकमेकांकडे बघत.

सौदा सुरू झाला. पहिल्या लॉटला पुकारा झाला, आणि पडद्यावर परगावच्या व्यापाऱ्याची बोली उमटली. सगळे पडद्याकडे बघत होते. अक्का मागे भिंतीपाशी उभ्या होत्या. वळणाचा पाइप जिथून जातो, तिथं भिंतीवर तळहात ठेवून. सौदा संपेपर्यंत त्यांनी तो काढला नाही. घरी जाताना हाताला पांढरा चुना लागलेला होता, तो त्यांनी अंगातल्या मालकांच्या शर्टाला पुसला.

त्यानंतर यार्डात अक्का दिसल्या की कुणीतरी विचारायचंच, "अक्का, आज कंचं तेल?" त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. पण आण्णांचं काम त्यांच्याकडेच राहिलं, आणि आण्णांच्या दोन्ही शेजाऱ्यांचं त्यांना नव्यानं मिळालं.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. निघताना अक्का रागावल्या होत्या. "तितं सगळं वायफाय असंल," एवढंच म्हणाल्या. अधूनमधून फोन व्हायचा. गेल्या वर्षी मालकांचा फोन आला, की अक्का पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय, मिरजेला ऑपरेशन आहे. मी गेलो. खाटेवरून त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आपण शिडीवरून पडलेलो नाही, घरच्या उंबऱ्याला अडखळलो, आणि हे सगळ्यांना नीट सांग.

ऑपरेशन चांगलं झालं. आता त्या काठी घेऊन चालतात, कामावर जातात, खाली खुर्चीत बसतात आणि काठीनं छताकडे दाखवत दुसऱ्यांना शिडीवर चढवतात. पण ऑपरेशनच्या दिवशीचं एक सांगायला हवं.

त्यांना ढकलगाडीवर घालून नेत होते. मी एका बाजूला, मालक दुसऱ्या बाजूला. मालक मोठे अबोल, नुसते चालत होते. ऑपरेशनच्या खोलीचा दरवाजा समोर दिसायला लागला, तसा अक्कांनी एकदम गाडीचा कठडा धरला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "वरती वायर लोंबतीय."

वॉर्डबॉय म्हणाला, "अक्का, आत डॉक्टर थांबल्यात."

"थांबू देत. डोक्यावर पडंल कुणाच्या. उंब्रज, स्टूल घे आणि बघ."

मी वॉर्डबॉयकडे बघितलं, त्यानं मालकांकडे. मालकांनी हळूच मान हलवली. कोपऱ्यातलं स्टूल आणून मी वर चढलो. छताच्या कडेनं वायरींचा जुडगा गेला होता. कुणीतरी मन लावून काम केलं होतं. सारख्या अंतरावर बांधलेला, कुठं झोळ नाही, कुठं ताण नाही. मी सांगायला खाली वळलो.

अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. ओठ हलत होते, मंत्र चालला होता. कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांचा चष्मा मघाशीच काढून घेतलाय. तो मालकांच्या शर्टाच्या खिशात होता. चष्म्याशिवाय अक्कांना समोरचा माणूस ओळखू येत नाही, छत कुठलं दिसणार.

"कसं हाय?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"लय सैल झालंय अक्का," मी म्हणालो. "सगळं सोडून परत बांधाय लागंल."

"मग बांध. सावकाश बांध."

मी पहिली गाठ सोडली. खाली मालकांनी त्यांच्या कठड्यावरच्या हातावर आपला हात ठेवला होता. वॉर्डबॉय भिंतीला टेकून उभा राहिला. मी ती चांगली बांधलेली वायर शेवटपर्यंत सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून, होईल तितक्या हळू, बांधायला घेतली.